पाटस सोडलं की थेट भिगवण

पुण्याहून सोलापूरला घरी निघालं की रस्त्यात दोन-तीनदा तरी फोन वाजतो. एकदा आईचा, एकदा मामाचा, पुन्हा आईचा. प्रश्न ठरलेला: "कुठवर आलास?" उत्तरंही ठरलेली. लोणी सोडलं. चौफुला गेलं. भिगवण. इंदापूर. टेंभुर्णी. मोहोळ आलं म्हटलं की तिकडं कुकर चढतो.

आजवर मी कुणाला "मळद आलंय" असं सांगितलेलं नाही. दुसऱ्या कुणी सांगितल्याचंही ऐकलेलं नाही. गाडी प्रत्यक्षात रावणगावच्या शिवारात असली तरी तोंडातून "भिगवण यायलंय" हेच निघतं. आणि पलीकडच्याला ते पुरतं. उगाच "खडकीत आहे" म्हटलं तर आई काळजीत पडेल, की हा रस्ता चुकला का, गाडी बंद पडली का, कुठली खडकी, ती पुण्यातली?

हायवेचा कुठला तुकडा प्रवाशाच्या लेखी सगळ्यात कमी मोलाचा, हे ठरवायची माझी कसोटी ही अशी आहे. फोनवर ज्याचं नाव घ्यायची सोय नाही, तो. या कसोटीला पुणे–सोलापूर रस्त्यावरचा पाटस ते भिगवण हा ४० किलोमीटरच्या आसपासचा पट्टा पहिल्या नंबरानं पास होतो. त्यातही कुरकुंभ ओलांडल्यानंतरचा भाग तर विचारूच नका.

आता कुणी म्हणेल, सोलापूर रोड अख्खाच तसा आहे. घाट नाही, समुद्र नाही, धबधबा नाही, सरळसोट उन्हातला रस्ता. मुंबई–पुण्याच्या माणसाला खंडाळा आहे, कोल्हापूरकराला खंबाटकी आहे, कोकणात जाणाऱ्याला तर वळणावळणाला काहीतरी आहे. आमच्या वाट्याला काय, तर दुभाजकातली कण्हेर. पण हे बाहेरच्याचं मत झालं. या रस्त्यावरून ज्याचं लहानपण गेलंय त्याच्यासाठी इथला जवळपास प्रत्येक टप्पा कुठल्या ना कुठल्या कारणानं लक्षात राहतो.

हडपसरचा गाडीतळ लक्षात राहतो तो तिथं अडकून पडल्यामुळं. लोणी काळभोर म्हणजे तेलाचे डेपो आणि रांगेनं उभे टँकर. थेऊर फाट्याला बस आली की शेजारची आजी खिडकीतूनच चिंतामणीला हात जोडते; थोरले माधवराव पेशवे १७७२ साली तिथंच गेले, हे मात्र आजीला सांगायला नको, ती स्वामींची गोष्ट सुरू करते आणि उरुळीपर्यंत संपवत नाही. उरुळी कांचनला १९४६ च्या मार्चमध्ये गांधीजी येऊन राहिले, तिथला निसर्गोपचार आश्रम अजून चालू आहे. पुढं यवत. यवतच्या दक्षिणेला डोंगरावर भुलेश्वर. मग चौफुला, जिथून एक रस्ता न्हावऱ्याकडं जातो, एक सुप्याकडं, आणि जिथल्या कला केंद्रांच्या पाट्या दिसल्या की लहानपणी आमच्या बसमधली पुरुषमंडळी एकदम खिडकीबाहेर न बघितल्यासारखं करायची. चौफुल्याच्या जवळच केडगाव, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. वरवंड. पाटस. पाटसला टोलनाका, साखर कारखाना.

आणि मग सगळे जण हा रस्ता सोडून जातात.

हे माझ्या लक्षात यायला बराच काळ जावा लागला. एकदा नकाशा समोर घेऊन बसलो तेव्हा कळलं. तुकोबांची पालखी देहूहून निघते, पुण्यात मुक्काम करते, मग लोणी काळभोर, यवत, वरवंड असे मुक्काम याच रस्त्यावर करते. यवतला गावकरी वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतात. हजारोंच्या पंगती उठतात. पण पाटसला आली की पालखी उजवीकडं वळते, रोटी घाट चढते आणि उंडवडी, बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. म्हणजे चालत जाणाऱ्यांनी सुद्धा पाटस ते इंदापूर हा सरळ रस्ता टाकला आणि वाकडी वाट धरली. कारण उघड आहे. वाट माणसांच्या वस्तीतून जाते. जिथं एवढ्या लोकांना जेवायला घालणारी गावं, पाणी देणाऱ्या विहिरी आणि उतरायला जागा, तिथून दिंडी जाणार.

रेल्वेनंही तेच केलं, फक्त दुसऱ्या बाजूला. १८६० च्या आसपास सोलापूरला पोचलेली जीआयपीची, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची लाइन केडगाव, पाटसला रस्त्याच्या बऱ्यापैकी जवळून येते आणि मग उत्तरेला दौंडकडं सरकते. तिथून भीमेच्या बाजूबाजूनं भिगवणला येऊन पुन्हा रस्त्याला भेटते. रेल्वेला वाफेच्या इंजिनासाठी पाणी हवं होतं, आणि पुढं मनमाडचा फाटाही तिथूनच निघाला. त्यातून दौंड मोठं झालं. हायवे मात्र दौंडला कधी गेलाच नाही. कुरकुंभच्या चौकात दौंड–बारामती रस्ता त्याला आडवा येतो, तेवढीच ओळख.

तर पालखी दक्षिणेला गेली, रेल्वे उत्तरेला गेली, आणि मधे उरला तो आपला राष्ट्रीय महामार्ग. आधी त्याचा नंबर ९ होता, आता ६५ आहे. पुण्यापासून थेट आंध्रच्या किनाऱ्यावर मछलीपट्टणमपर्यंत ८४० किलोमीटर जाणाऱ्या रस्त्याचा हा एक तुकडा, ज्याला ना देव लागला ना स्टेशन. (देव अगदीच नाही असं नाही. कुरकुंभला फिरंगाई देवी आहे, नवरात्रात गर्दी असते. पण ती गर्दी रस्त्यानं जाणाऱ्यांची नव्हे, आसपासच्या गावांची.)

कुरकुंभ प्रवाशाला ठाऊक असतं ते नाकानं. रासायनिक कारखान्यांची एमआयडीसी. एसी गाडीत काच वर असली तरी कळतं. झोपलेला माणूस कूस बदलतो, "कुरकुंभ का?" विचारतो आणि पुन्हा झोपतो. त्यानंतर जो झोपतो तो भिगवणलाच उठतो. मी हे अनेकांच्या बाबतीत पाहिलेलं आहे, स्वतःच्याही. पुण्यातून निघालेला माणूस सुरुवातीचा तास-दीड तास ट्रॅफिकला शिव्या देण्यात घालवतो, पाटसला टोल देतो, रस्ता मोकळा होतो, शिव्या संपतात, बोलायचं संपतं. पोहोचण्याची घाई अजून सुरू झालेली नसते. निघाल्याची गडबड विरलेली असते. प्रवासाचा कुठलाही भाव या पट्ट्याला चिकटत नाही.

मधला भाग विसरला जातो, दोन टोकं लक्षात राहतात, हे मानसशास्त्रवाले फार पूर्वीपासून सांगत आलेत. शब्दांची यादी पाठ करायला दिली तरी पहिले आणि शेवटचे शब्द लक्षात राहतात. पण पाटस–भिगवण हा काही रस्त्याचा गणिती मध्य नव्हे. २५० किलोमीटरच्या रस्त्याचा मध्य इंदापूरच्या अलीकडं येतो. आणि इंदापूर चांगलं लक्षात राहतं. तेव्हा नुसतं मधे असण्यानं हे होत नाही. बाकीच्यांनी पाठ फिरवल्यावर जे उरतं, त्याचं असं होतं.

एकदा मात्र मला या पट्ट्यात थांबावं लागलं. उसाचा सीझन होता, दुपार कलली होती, आणि रावणगावच्या पुढं मागचं टायर बसलं. स्टेपनीत हवा नव्हती, हा भाग सोडून देऊ. पंक्चरवाला सापडला, पण तो पलीकडच्या लेनला. म्हणजे समोर दिसतोय, रस्ता ओलांडला की पन्नास पावलांवर, आणि मधे दुभाजक. मी चाक घरंगळत नेत होतो तर तो पलीकडून ओरडला, "तिकडनं नका येऊ! म्होरं कट हाय!"

कट म्हणजे दुभाजकातली फट. कट बराच पुढं होता. मी गेलो, आलो. पंक्चरवाला पन्नाशीचा, टोपी घातलेला, चाकाकडं बघून म्हणाला, "हितं थांबणारं गिऱ्हाईक सगळं असंच. हवा गेल्याबिगर कोण थांबतंय?"

तासभर बसलो. त्या तासात जे दिसलं ते आधीच्या सगळ्या फेऱ्यांत कधी दिसलं नव्हतं, कारण बघायला कुणी सांगितलंच नव्हतं. पहिली गोष्ट म्हणजे आवाज. गाडीच्या आत बसल्यावर आपला वेग आपल्याला कळत नाही. खाली स्टुलावर बसलं की कळतो. चौपदरी रस्त्यावर मोटारीला १०० ची मर्यादा आहे, २०१८ पासून. त्या दुपारी १०० नं जाणारी गाडी मला सावकाश वाटली. लोणीत, यवतला, चौफुल्याला माणूस आपोआप ब्रेकवर पाय ठेवतो. इथं काही नाही म्हणून तो पाय उचलतो. या "काही नाही" मधून शाळेची पोरं, दुधाचे कॅन लावलेल्या मोटरसायकली, शेळ्या घेऊन निघालेली म्हातारी, हे सगळे रस्ता ओलांडत असतात. आपल्या लेखी ज्या पट्ट्याला किंमत नाही, तिथं आपण सगळ्यात जोरात जातो, आणि त्याची किंमत तिथला माणूस मोजतो. हे मला त्या स्टुलावर फार सरळ दिसलं.

"रोज कोणीतरी उलटं येतंय बघा," पंक्चरवाला म्हणाला. खरोखरच एक ट्रॅक्टर चुकीच्या बाजूनं, कडेकडेनं येत होता. गाडीत असताना मी असल्या ट्रॅक्टरवाल्याला शिव्या घालतो. तिथं बसून हिशेब केला, तर त्याचं शेत अलीकडं, घर पलीकडं, कट लांब. डिझेल जाळून तिथवर जायचं आणि तेवढंच परत यायचं, तेही रोज दोनदा. तो उलटाच येणार. हायवे चौपदरी झाला तेव्हा सोलापूरकरांचा तास-दीड तास वाचला. तो वाचलेला तास कुणाच्या तरी फेऱ्यातून काढलाय. म्हणून दर काही महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या गावचे लोक भुयारी मार्ग द्या, कट द्या म्हणून रस्त्यावर येऊन बसतात, आणि आपण गाडीत "काय कटकट आहे" म्हणत गूगलवर दुसरा रस्ता शोधतो.

संध्याकाळ व्हायला लागली तशा उसाच्या गाड्या सुरू झाल्या. दोन-दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, फार तर एक लाल फडकं. बैलगाड्या. पलीकडच्या रानात ऊसतोड्यांच्या कोप्या, बीडकडची माणसं. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी त्यांची मोजणी. दिवाळीच्या आसपास येतात, कारखान्याचा पट्टा पडला की जातात. वर्षातले चार-पाच महिने ते इथं राहतात, म्हणजे माझ्यासारखे आयुष्यभर ये-जा करणारे सगळे मिळून इथं जेवढा वेळ थांबले असतील त्याहून जास्त.

ऊस आला कुठून हाही प्रश्न आहे. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. पाऊस बेतास बात. ऊस येतो तो कालव्यामुळं. खडकवासल्याहून निघणारा नवा मुठा उजवा कालवा पुणे शहरातून, हडपसरवरून, लोणी-उरुळी-यवत करत इंदापूर तालुक्यापर्यंत २०२ किलोमीटर येतो. या रस्त्याला समांतर असा तो दुसरा रस्ताच आहे. त्याच्या खालच्या अंगाला हिरवं, वरच्या अंगाला माळ. गाडीतून ही रेघ स्पष्ट दिसते, बघितली तर.

आणि तो माळ. कुरकुंभ ते भिगवण खिडकीतून दिसणारं पिवळं, खुरटं, दगडगोट्यांचं रान. सरकारी दप्तरात अशा जमिनीला बहुतेकदा पडीक म्हणतात. प्रवासी काहीच म्हणत नाही. दौंड, बारामती, इंदापूर या तालुक्यांमधल्या माळरानांवर लांडगा आहे, खोकड आहे, तरस आहे, चिंकारा आहे. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठीच राखलेलं आहे, जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या गवताळ रानात आता पुण्याहून कॅमेरेवाले पहाटे येतात. धाविक, पखुर्डी, चंडोल हे पक्षी झाडावर नाही, याच ढेकळांत आणि गवतात अंडी घालतात. पडीक म्हणून कुणी तिथं झाडं लावली, सौर पॅनेल उभे केले की आधी हेच बेघर होतात. झाड लावणं म्हणजे पुण्यच, हा आपला समज इतका पक्का आहे की गवत हे सुद्धा कुणाचं घर असतं, हे पटवताना माळावर काम करणाऱ्या अभ्यासकांच्या तोंडाला फेस येतो.

धनगरांना हे पटवावं लागत नाही. या भागातले मेंढपाळ पावसाळ्यात घरच्या माळावर असतात. दिवाळीनंतर वाडा निघतो, घोड्यांवर बिऱ्हाड, कोंबड्या, करडं, आणि कळप घेऊन पुणे-कोकणच्या बाजूला महिनोन्‌महिने चालतात. मेंढ्या शेतात बसवायच्या, लेंडीखत द्यायचं, बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे. पावसाच्या तोंडाला परत. त्यांच्या वाटा हायवेला आडव्या जातात. कळप रस्ता ओलांडत असला की दोन्ही बाजूंना हॉर्नचा कल्लोळ होतो. काठी आडवी धरून मधे उभा असलेला धनगर त्या हॉर्नकडं अजिबात लक्ष देत नाही. त्याच्या दृष्टीनं मधे आलेला तो हायवे. माळ आधीचा आहे.

पंक्चरवाल्याला मी विचारलं, इथून पुणं जवळ की सोलापूर? तो म्हणाला, "आमाला दौंड जवळ." बाजार दौंडचा, तहसील दौंडची, दवाखाना मोठा हवा तर बारामती. त्याचं सगळं जगणं या रस्त्याला काटकोनात होतं. तो हायवेच्या कडेला बसून धंदा करतो, पण हायवेनं कुठं जात नाही.

चाक झालं. पैसे विचारले तर त्यानं सांगितले ते पुण्यातल्यापेक्षा कमीच होते. मी निघालो, आणि आईचा फोन आला. काय सांगितलं असेन ते सांगायला नको.

भिगवणची गोष्ट वेगळी आहे. भिगवण हे बढती मिळालेलं गाव आहे. उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं, भीमा अडली आणि पाण्याचा फुगवटा मागं दौंडच्या दिशेनं पसरत गेला. त्या पाण्यात गावंच्या गावं गेली. पळसदेवचं जुनं गाव गेलं, नवं गाव हायवेच्या कडेला वसलं. जुन्या गावातलं पळसनाथाचं दगडी मंदिर पाण्याखाली आहे; उन्हाळा कडक असला, पाणी खाली गेलं की शिखर वर येतं, मग आख्खं मंदिर. त्या वर्षी वर्तमानपत्रांत फोटो येतात आणि लोक होडीतून बघायला जातात. ज्यांची लग्नं, मुंजी, जत्रा त्या मंदिरात झाल्या ती म्हातारी माणसंही जातात. तो प्रवास पर्यटन नव्हे, पण त्याला वेगळी होडी नसते.

फुगवट्याच्या उथळ कडांवर रोहित पक्षी यायला लागले आणि भिगवण नकाशावर आलं. हिवाळ्यात कुंभारगाव, डिकसळच्या काठांवर पुण्या-मुंबईच्या गाड्या लागतात. नावाडी झालेले मासेमार पक्ष्यांची इंग्रजी नावं खडाखड सांगतात. दुपारी चिलापीचं कालवण आणि तळलेली चिलापी. चिलापी इथली मूळची नाही, पण आता उजनी म्हणजे चिलापी. पुण्याचं, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथं येतं, जुने मासे कमी झाले, ही तगली. आणि याच धरणातलं पाणी आम्ही सोलापूरकर पितो. तेही रोज नाही, काही दिवसांआड. पुणेकर मित्राला मी हे नेहमी सांगतो, की तू सकाळी जे सोडतोस ते आमच्याकडं येतं. त्याला विनोद वाटतो.

उजनीचा एक आकडा मला कायम चक्रावतो. धरण ११७ टीएमसीचं, म्हणजे ११७ अब्ज घनफुटांचं. त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त पाणी मृतसाठा. निम्म्याहून जास्त. बातमीत "धरण उणे वीस टक्क्यांवर" असं येतं तेव्हा परगावच्या माणसाला वाटतं, शून्याखाली पाणी असतंच कसं? असतं. भरपूर असतं. दारांच्या पातळीखाली असल्यामुळं ते हिशेबात धरलेलं नसतं, एवढंच. आणि दुष्काळाच्या वर्षी पंढरपूर, सोलापूर त्याच हिशेबात नसलेल्या पाण्यावर जगतात. कुरकुंभच्या पुढं गाडीत डोळे मिटायला लागले की हल्ली मला हा आकडा आठवतो.

भीमानगरला पूल ओलांडताना धरणाची भिंत दिसते आणि जिल्हा बदलतो. तिथून पुढचा रस्ता मी फार वर्णन करणार नाही. तो आमचा आहे, मी निःपक्षपाती असणार नाही. फक्त एक सांगतो. पूर्वी इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ या गावांच्या पोटातून रस्ता जायचा. एसटी स्टँडवर शिरायची, दहा मिनिटं थांबायची, भेळवाले, पेरूवाले, पाणी पाऊचवाले खिडकीला लोंबकळायचे. आता बायपास आहेत. इंदापूर ही हिरवी पाटी झाली आणि सरडेवाडीचा टोलनाका हे गाव झालं. हायवेवरची गावं महत्त्वाची असणं किंवा नसणं हे कायमचं नसतं. एका टेंडरनं ते बदलतं. बायपासवर नवी हॉटेलं आली, प्रचंड पार्किंग, स्वच्छ संडास, पन्नास प्रकारचे डोसे. वाईट काही नाही. स्वच्छ संडासाची किंमत लेडीज स्पेशलमधून सोलापूर–पुणे केलेल्या माझ्या मावशीला विचारा, ती इंदापूर स्टँडच्या आठवणींनी अजिबात गहिवरत नाही.

रेल्वेनं जाणाऱ्यांचा नकाशा तर पूर्ण निराळा. त्यांना टेंभुर्णी माहीत नाही, इंदापूर माहीत नाही. त्यांचं दौंड, जेऊर, केम, कुर्डुवाडी, माढा. केमचं कुंकू महाराष्ट्रभर कपाळावर जातं, पण मोटारवाल्याला केम कुठं ते सांगता येणार नाही. कुर्डुवाडीहून १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी सुरू झाली, त्या काळातलं ते मोठं जंक्शन. दोन प्रवासी एकाच दिवशी, एकाच शहरातून निघून एकाच शहरात पोचतात आणि पाटसच्या पुढं मधलं जवळपास एकही गाव दोघांनी सारखं पाहिलेलं नसतं, भिगवण आणि मोहोळ सोडून. २०२३ च्या फेब्रुवारीत वंदे भारत सुरू झाली तेव्हा ती पुणे सोडल्यावर एकदम कुर्डुवाडीलाच थांबायची. दौंडला थांबा नव्हता. ज्या दौंडनं आमच्या बापजाद्यांना रात्री दोन वाजता चहा पाजला, इंजिन बदलेपर्यंत ताटकळत ठेवलं, ते दौंड! दौंडकरांना जे वाटलं असेल त्याला कुरकुंभच्या पुढची गावं म्हणाली असतील, या, बसा.

हैदराबादच्या रात्रीच्या बसनं जाणाऱ्याच्या हिशेबात तर हा सगळाच पट्टा येत नाही. संध्याकाळी पुण्यात चढायचं, पडदा ओढायचा, आणि उजाडेल तेव्हा तेलंगण. मधलं सोलापूर सुद्धा झोपेत जातं. मला हे कळलं तेव्हा थोडा राग आला होता. मग वाटलं, आपण तरी काय केलं आजवर. आणि समृद्धी महामार्ग? ७०१ किलोमीटर, १० जिल्हे, आणि नागपूरकर मित्राला विचारावं "रस्त्यात काय लागतं?" तर तो म्हणतो, "इंटरचेंज." लोक त्यावर डोळा लागण्याची तक्रार करतात. रस्ता सरळ, मोकळा आणि दोन्ही बाजूंनी कुंपण घातलेला असला की चालकाचं भान बधिर होतं, हे वाहतुकीच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. आमच्या पट्ट्यात निदान मेंढ्या आडव्या येतात.

एसटीचं मला कौतुक वाटतं ते इथं. एसटीचं भाडं टप्प्यावर, टप्पा ६ किलोमीटरचा. कुठल्याही टप्प्याला कमी-जास्त मान नाही. हडपसरचा टप्पा जेवढ्या पैशाचा, तेवढ्याच पैशाचा मळद-रावणगावचा. साधी गाडी असेल तर कंडक्टर त्या गावांची नावं घेऊन ओरडतो, दोन माणसं उतरतात, एक चढतो, त्याच्या हातात कोंबडी असते किंवा युरियाची पिशवी. विनाथांबामध्ये बसलेल्यांना ही नावं पाटीवर सुद्धा दिसत नाहीत.

हा सगळा सिद्धांत मी मागच्या दिवाळीत घरी मांडून दाखवला. पालखी, रेल्वे, कालवा, मृतसाठा, सगळं. मामा शांतपणे ऐकत होते. ते निवृत्त ड्रायव्हर. त्यांनी हा रस्ता दुपदरी असल्यापासून ट्रकनं केलेला.

"पाटस-भिगवण?" ते म्हणाले. "आरं, आमी तितंच झोपायचो. गाडी कडंला लावायची, लिंबाखाली. ना पोलीस, ना हॉटेलवाला उठवायला. सगळ्यात चांगली झोप त्याच रस्त्यावर झालीय."

"मग बिनकामाचा पट्टा कुठला?" मी विचारलं.

"हडपसर ते लोणी," बायको आतून म्हणाली. "तेवढा काढून टाका."

मामांनी मान डोलावली. त्यावर घरात कुणाचंच दुमत नव्हतं.